बाकड्यावरचं नाव

पुण्यातल्या कुठल्याही बागेत जा. बाकड्यावर टेकायच्या आधी एक सेकंद थांबा आणि पाठीवर काय रंगवलंय ते वाचा. ‘मा. अमुक तमुक यांच्या संकल्पनेतून’. बॉस, बाकडं ही कुणाची संकल्पना कशी असू शकते? चार पाय, एक पाठ, वर माणूस. हा फंडा माणूस पहिल्यांदा दमला तेव्हापासून चालत आलाय. पण आपल्याकडे बाकड्याला जनक असतो, ओपन जिमला असतो, कमानीला असतो आणि कमानीखालच्या पेव्हर ब्लॉकलाही असतो.

जनकांचं जाऊ द्या. मला प्रश्न पडला तो पैशांचा.

बजेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दिल्ली येते. एक फेब्रुवारीला अख्खं ऑफिस कँटीनच्या टीव्हीसमोर उभं असतं, इन्कम टॅक्सचा स्लॅब बदलला की नाही ते बघायला. पण घरासमोरचा दिवा, नळाचं पाणी, कचऱ्याची गाडी आणि कोपऱ्यावरची बाग ज्या बजेटमधून येते, ते महापालिकेत मांडलं जातं आणि आपल्या गावीही नसतं. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक होतं १२ हजार ६१८ कोटी रुपयांचं. त्याआधीच्या वर्षी ११ हजार ६०१ कोटी, त्याच्याही आधी ९ हजार ५१५ कोटी. म्हणजे दोन वर्षांत जवळजवळ तेहतीस टक्के वाढ! आपल्या एचआरनं कधी दिलंय असं इन्क्रिमेंट?

थांबा, लगेच जळू नका. हा आकडा म्हणजे सीटीसी आहे, इन-हँड नाही. वर्षाच्या शेवटी तिजोरीत प्रत्यक्ष जमा होणारे पैसे अंदाजापेक्षा कमी भरतात, हे पुण्यात वर्षानुवर्षं चाललंय. सीटीसी बघून कार बुक केली की चौथ्या महिन्यात काय होतं, ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पालिकेचं तेच होतं. कामांच्या याद्या सीटीसीवर ठरतात, बिलं मात्र इन-हँडमधून द्यायची असतात. मग वर्षाच्या मध्यावर एक खेळ सुरू होतो. त्याला पालिकेच्या भाषेत ‘वर्गीकरण’ म्हणतात. एका कामासाठी ठेवलेले पैसे उचलायचे आणि दुसऱ्या कामाकडे वळवायचे. शब्द किती सभ्य आहे बघा, लायब्ररीत पुस्तकं विषयवार लावल्यासारखा! कधी कधी ते गरजेचंही असतं. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबील ओढ्याला पूर आला, तसं काही झालं तर पैसे वळवावेच लागतात, त्यावर कोण भांडणार? पण पूर रोज येत नाही आणि वर्गीकरण मात्र वर्षभर चालू असतं. त्यात सगळ्यात आधी हलतात ती छोटी, गरीब, कुणाचं नाव नसलेली कामं. बागेच्या मागच्या भिंतीची दुरुस्ती. टॉयलेटचं दार.

‘मी तर पीजीत राहते, घर माझं नाही, मी कुठे टॅक्स भरते?’ हा डायलॉग मी इतक्यांदा ऐकलाय की आता तोंडपाठ झालाय. डियर, तुम्ही भरता. पालिकेच्या उत्पन्नाचे तीन मोठे खांब आहेत. एक, मिळकतकर, जो तुमचा घरमालक भाड्यात घालून तुमच्याचकडून घेतो. दोन, बांधकाम परवानगीचं शुल्क, जे फ्लॅटच्या रेटमध्ये शिरतं. आणि तीन, जीएसटीतला वाटा. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाके होते, ट्रकच्या रांगा लागायच्या. पुण्यात जकात २०१३ मध्ये गेली, एलबीटी आला, मग जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून राज्य सरकार पालिकेला दर महिन्याला पैसे देऊ लागलं. म्हणजे वीकेंडच्या पिझ्झ्यावरचा टॅक्स फिरून फिरून कुठे तरी तुमच्याच वॉर्डात येतो. त्यातून एखादं बाकडंही येतं. आणि त्यावर नाव येतं दुसऱ्याचंच.

हे नाव येतं कसं? अंदाजपत्रकात नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांचा एक भाग असतो. पुण्यात त्याला ‘स-यादी’ म्हणतात. आयडिया मुळात वाईट नाही. आपल्या गल्लीत काय हवंय हे मुख्य इमारतीतल्या ऑफिसरपेक्षा गल्लीतल्या नगरसेवकाला जास्त कळतं. पण गंमत अशी की या यादीतून बाकडी, कचऱ्याच्या बकेट आणि कापडी पिशव्या यांचा असा पाऊस पडला की पेपरवाल्यांना वर्षानुवर्षं बातम्या पुरल्या. कारण सोपं आहे. बाकडं, बकेट, पिशवी या तिन्हींवर नाव छापता येतं. ड्रेनेजवर छापता येत नाही.

आणि माळ्याच्या पगारावर तर अजिबात नाही! खरं सांगू, बागांच्या सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे. अंदाजपत्रकाचे दोन मोठे भाग असतात, भांडवली खर्च आणि महसुली खर्च. भांडवली म्हणजे नवीन काही तरी बांधणं: नवी बाग, नवं कारंजं, नवा जॉगिंग ट्रॅक. महसुली म्हणजे चालवणं: पगार, वीज, पाणी, खत, दुरुस्ती, सुरक्षारक्षक. बाग उघडली त्या दिवशी फीत कापली, फोटो आला, कारंजं उडालं. सहा महिन्यांनी समजा कारंज्याची मोटार जळली. आता नवीन कारंज्याला पैसे मिळणं सोपं, जुन्या मोटारीला कठीण. मोटारीच्या उद्घाटनाला कोण येणार? मग कारंज्याच्या हौदात पावसाचं पाणी साठतं, डास होतात, मुलं आत उतरू नयेत म्हणून भोवती दोरी बांधली जाते. तीन वर्षांनी त्याच जागी ‘सुशोभीकरण’ निघतं, म्हणजे पुन्हा भांडवली खर्च, पुन्हा फीत. ज्या पैशांत मोटार दहा वेळा दुरुस्त झाली असती, त्या पैशांत नवा हौद होतो. हिरवळीचंही तसंच. ती लावायला एकदा पैसे लागतात आणि जगवायला रोज पाणी, रोज माणूस. म्हणून हिरवळीच्या जागी पेव्हर ब्लॉक येतो. त्याला तहान लागत नाही.

पण नुसती नावं ठेवणं बरं नाही. कारण ही सगळी व्यवस्था असूनही पुण्यात काही बागा अशा आहेत की बाहेरगावच्या पाहुण्याला घेऊन जावंसं वाटतं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान घ्या. जपानमधल्या ओकायामा शहरातलं कोराकुएन हे तीनशे वर्षांचं जुनं उद्यान समोर ठेवून ते बनवलंय. तिथं दगडसुद्धा विचार करून ठेवलेत. अशी बाग बांधण्यापेक्षा तशीच ठेवणं जास्त अवघड असतं. जपानी बागेत एक झुडूप महिनाभर कापलं नाही तर लगेच दिसतं. ते झुडूप वेळेवर कापलं जातं, याचा अर्थ पालिकेला देखभाल करता येते, ठरवलं तर.

पेशवे पार्कही बघा. तिथलं प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये कात्रजला गेलं. तिथली फुलराणी १९५६ पासूनची. तुमच्या आईबाबांनी त्या गाडीतून शिट्टी वाजताना हात हलवलेले असतात, आज त्यांची नातवंडं हलवतात. शेजारच्या सारसबागेत तर पेशव्यांच्या काळातल्या तळ्याच्या जागी आपण भेळ खातो आणि पाडव्याच्या पहाटे नवे कपडे घालून मिरवायला अर्धं कॉलेजवयीन पुणे तिथं जमतं. या जागा कुणाच्या संकल्पनेतून झाल्या, असं कुणी विचारत नाही.

आता आपला, म्हणजे नऊ ते सातवाल्यांचा मुद्दा. माझी एक मैत्रीण आयटी पार्कात काम करते आणि दुपारचा डबा पार्किंगमध्ये, कारच्या मागच्या सीटवर खाते. मी म्हटलं, ‘अगं, जवळपास एखादी बाग नाही का?’ ती म्हणाली, ‘आहे ना. पण लंच अवरला तिचीही सुट्टी असते.’ शहरातल्या बहुतेक पालिका बागा सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघड्या असतात, दुपारी गेटला कुलूप. सकाळी आपण कॅबची वाट बघत असतो आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतो. घरी पोचेपर्यंत वॉचमनची शिट्टी वाजलेली असते. या टायमिंगमागे काही फार मोठं शास्त्र नाही. जास्त तास म्हणजे जास्तीची शिफ्ट, जास्तीचा सुरक्षारक्षक, जास्तीची वीज, म्हणजे पुन्हा तो महसुली खर्च. शिवाय दुपारी बाग उघडी ठेवली तर ‘जोडपी बसतात’ ही तक्रार आहेच. बसू देत की! बाकडी त्यासाठीच आहेत ना? बेंगळुरूच्या पालिकेनं २०२४ मध्ये आपल्या बागा पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उघड्या ठेवायचं ठरवलं. ते शहरही आपल्यासारखंच, आयटीवाल्यांनी भरलेलं.

मग आपण काय करायचं? इथे मला पाच लाखांच्या फॉर्मबद्दल सांगायचंय. तो फॉर्म अस्तित्वात आहे हे माझ्या ओळखीतल्या शंभरातल्या पाच जणांनासुद्धा माहीत नाही.

ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रे नावाचं शहर आहे. तिथं १९८९ मध्ये एक प्रयोग सुरू झाला: शहराच्या बजेटमधला काही भाग कशावर खर्च करायचा ते नागरिकांनी बसून ठरवायचं. ही आयडिया जगभर फिरली आणि २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून पुण्यातही आली. तेव्हा नितीन करीर आयुक्त होते. आपल्याकडचं स्वरूप साधं आहे. तुम्ही तुमच्या भागातलं एखादं छोटं काम सुचवायचं. फुटपाथ, दिवा, बसस्टॉप, स्वच्छतागृह, बागेतलं बाकडं असं काहीही. एका कामाची मर्यादा पाच लाख रुपये. पावसाळा सरत आला की सूचना मागवल्या जातात. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, गेली काही वर्षं ऑनलाइनही भरता येतो. मग इंजिनिअर खर्चाचा अंदाज काढतो, प्रभाग समितीपुढे यादी जाते आणि तिथून पुढे अंदाजपत्रकात.

ऐकायला सही वाटतं ना? पण भ्रमात राहू नका. एक छोटं गणित करून बघा. १२ हजार ६१८ कोटी म्हणजे तुमचं वर्षाचं सहा लाखांचं पॅकेज समजलं, तर पाच लाखांचं हे काम म्हणजे अडीच रुपयेसुद्धा नाहीत. अडीच रुपयांसाठी फॉर्म, एस्टिमेट, समिती, मंजुरी! वर या योजनेवर अभ्यास करणाऱ्यांनी दाखवलंय की एकूण बजेटच्या तुलनेत नागरिकांच्या सूचनांचा वाटा पहिल्यापासून किरकोळच राहिला आणि मंजूर झालेली कामंही सगळी होतातच असं नाही. मध्येच वर्गीकरण गाठतं.

त्यात आणखी एक ट्विस्ट. प्रभाग समिती नगरसेवकांची बनते आणि मार्च २०२२ पासून पुण्यात नगरसेवकच नव्हते. मुदत संपली, निवडणूक लांबली आणि प्रशासक आले. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं आयुक्तांनीच बजेट मांडलं आणि स्थायी समिती म्हणूनही तेच, सर्वसाधारण सभा म्हणूनही तेच. स्वतःच गोल करायचा आणि स्वतःच शिट्टी वाजवायची. त्यांनी वाईटच केलं असं मी म्हणत नाही. उलट बाकड्यांच्या पाठी त्या काळात जरा स्वच्छ राहिल्या असतील. पण ‘आमच्या बागेचे पैसे का कापले’ हे भर सभेत ओरडून विचारणारं कुणी नव्हतं. जवळजवळ चार वर्षांनी, जानेवारी २०२६ मध्ये, निवडणूक झाली. आता बहुतेक प्रभागांत तुमचे चार-चार नगरसेवक आहेत. चारही नावं सांगा बघू? मीही माझ्या ग्रुपवर हा प्रश्न टाकला होता. दोन तास कुणी टाइप करत नव्हतं.

आणि असं नाही की आपल्याला पालिकेचे फॉर्म भरता येत नाहीत. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात मिळणारी चाळीस टक्के सवलत आठवते? १९७० पासूनची ती सवलत २०१८ मध्ये रद्द झाली आणि २०२३ मध्ये परत मिळाली. ती मिळवायला ‘पीटी-३’ नावाचा फॉर्म भरायचा होता. तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगपेक्षा पीटी-३ चे मेसेज जास्त होते. लाइट बिल जोडायचं का, आधार चालेल का, शेवटची तारीख कधी. एकेका माणसानं मजल्यावरच्या चार जणांचे फॉर्म नेऊन दिले. पैसे स्वतःच्या खिशातले असले की आपण जाम सिन्सिअर असतो.

बागेचे पैसेही खिशातलेच आहेत. आणि फ्लॅट घेणाऱ्यांसाठी तर हा मामला आणखी सीरियस आहे. ब्रोशरमध्ये ‘गार्डन व्ह्यू’ लिहिलेलं असतं, बाल्कनीतून हिरवा पट्टा दिसतो, आपण स्क्वेअर फुटाला जास्तीचे पैसे मोजतो. तो हिरवा पट्टा बऱ्याचदा विकास आराखड्यातलं आरक्षण असतं. म्हणजे नकाशावर बाग, जमिनीवर गवत आणि सातबारावर अजून मूळ मालक. पालिकेनं ती जागा रोख पैसे, टीडीआर किंवा एफएसआय देऊन ताब्यात घ्यायची असते. घेतली नाही तर? १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत पालिकेनं पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. बागेची जागा मालकाला बांधकामासाठी मोकळी. यात मालकाला व्हिलन करू नका हं. दहा वर्षं त्याची जमीन ना विकता येते ना वापरता येते, त्यानं किती थांबायचं?

जुन्या पुण्याचा सुधारित आराखडा राज्य सरकारनं जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. त्यातली दहा वर्षं २०२७ च्या सुरुवातीला भरतात. म्हणजे येत्या काळात भूसंपादनासाठी बजेटमध्ये किती पैसे ठेवले जातात आणि ते वर्गीकरणात वळवले जातात की नाही, यावर तुमच्या बाल्कनीतून काय दिसणार ते ठरणार. समोरच्या टॉवरमधल्या कुणाची तरी बाल्कनीही दिसू शकते.

मोठ्या प्रकल्पांत बिल्डरकडून पालिकेला मिळणारी ॲमेनिटी स्पेस ही आणखी एक इंटरेस्टिंग चीज. तिथं बाग, दवाखाना, खेळाचं मैदान असं काही तरी व्हायचं असतं. २०२१ मध्ये अशा जागा दीर्घ मुदतीच्या भाडेकरारानं देऊन पैसे उभे करायचा प्रस्ताव पुणे महापालिकेत आला आणि त्यावरून मोठा राडा झाला. तिजोरी रिकामी असताना जमीन भाड्यानं देण्यात चूक काय, असं एक म्हणणं. माझं मत विचाराल तर पगार पुरत नाही म्हणून हॉल भाड्यानं देणाऱ्या घरासारखं आहे ते. एक-दोन महिने बरं वाटतं, मग मुलांनी खेळायचं कुठे हा प्रश्न येतो.

तर फॉर्म. सीझन ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास असतो, पेपरमध्ये छोटी जाहिरात येते, पालिकेच्या वेबसाइटवरही असते. ‘आमच्या बागेचा विकास करा’ असं लिहू नका, विकास म्हणजे पुन्हा कमान. ‘मागच्या गेटपासून जॉगिंग ट्रॅकच्या वळणापर्यंत चार दिवे’ असं लिहा. इंजिनिअरला जागेवर उभं राहून मोजता आलं पाहिजे. सोसायटीतल्या दहा जणांनी दहा वेगळी कामं मागण्यापेक्षा एकाच कामाचे दहा फॉर्म गेलेले बरे. टायमिंगची मागणी या फॉर्ममध्ये कोंबू नका, त्यासाठी चार नगरसेवकांपैकी ज्याचा नंबर लागेल त्याला आणि उद्यान विभागाला वेगळं पत्र द्या. आणि हो, पोच घ्या, शिक्का मारलेली. मार्चमध्ये बजेटचं पुस्तक वेबसाइटवर येतं, त्यात आपल्या प्रभागाचं पान काढून काम शोधा. सापडलं तर पार्टी लगेच करू नका. दिवाळीनंतर एकदा क्षेत्रीय कार्यालयात जाऊन तेच पान दाखवा आणि विचारा, साहेब, हे अजून इथेच आहे ना, की वर्गीकरणात गेलं?